कोंबडी आपल्या परसात, वास शेजारच्या खिडकीत

«म्हापशात खोर्लीला आमचं सासऱ्यांच्या वेळचं कौलारू घर आहे. मागे परस, त्यात तीन माड, एक शेवगा आणि बांय, म्हणजे विहीर. सासूबाईंनी पहिल्यापासून कोंबड्या ठेवल्या आहेत. सध्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा. तीन वर्षांपूर्वी कुंपणाला लागून चार मजली इमारत झाली. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गेल्या पावसात दोनदा येऊन सांगितलं, की पहाटे चारला कोंबडा आरवतो, त्यांचे वडील आजारी आहेत, झोप होत नाही. खिडकी उघडली की वास येतो, माशा येतात. आता ते म्हणतात, शहरात कोंबड्या पाळायला बंदीच आहे, पालिकेत अर्ज देतो. माझे यजमान चिडले आहेत. ‘आम्ही इथले, हे काल आलेले भायले’ असं त्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, ‘कोंबो ना जाल्यार घराक जाग ना.’ मला दोन्हीकडचं पटतं. खरंच बंदी आहे का? नोटीस आली तर काय करायचं? बर्ड फ्लूच्या बातम्या वाचून मुलांचीही काळजी वाटते. की सगळ्याच कोंबड्या माझ्या माहेरी सत्तरीला पाठवून देऊ? – एक वाचक, म्हापसा»

ताई,

सगळ्या पाठवू नका. कोंबडा पाठवा. कोंबड्या राहू द्या, पण खुराडं आहे तिथून हलवा. आणि ही दोन्ही कामं कुणाची नोटीस यायच्या आधी करा, कारण नोटिशीनंतर केलेली गोष्ट भीतीपोटी केलेली दिसते आणि आधी केलेली शेजारधर्म म्हणून.

आधी बंदीचं बघू. तुमची म्हापसा पालिका 1968 च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालते. पणजीला महानगरपालिका आहे, तिचा कायदा वेगळा, 2002 चा. खोर्लीतून थोडं बाहेर पडून एखाद्या पंचायतीच्या हद्दीत गेलात की 1994 चा पंचायत राज कायदा सुरू होतो. म्हणून पणजीत कुणाला काय सांगितलं, किंवा पुण्या-बंगळुरूच्या सोसायटीत काय नियम आहे, ते तुमच्या परसाला आपोआप लागू होत नाही. कुणीही ‘बंदी आहे’ म्हटलं तर भांडू नका, शांतपणे विचारा: कुठल्या उपविधीत, कुठल्या कलमात? ते लेखी मिळवायचा मार्गही सोपा आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज द्या. ‘घरगुती वापरासाठी कोंबड्या पाळण्याबाबत पालिकेचे जे उपविधी, ठराव वा अटी लागू असतील त्यांची प्रत द्यावी’ एवढं एक वाक्य पुरे. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. तो कागद हाती आला की तुमचं, यजमानांचं आणि शेजाऱ्यांचं बोलणं ऐकीव गोष्टींवरून खाली जमिनीवर येईल.

तुमच्या शेजाऱ्यांनी बहुतेक पोल्ट्री फार्मचे नियम वाचले असावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पोल्ट्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत लोकवस्तीपासून अंतर, पाण्यापासून अंतर, प्रदूषण मंडळाची संमती वगैरे सगळं आहे, पण संमतीची ती अट 5000 पक्ष्यांच्या वरच्या फार्मसाठी आहे. सात कोंबड्यांना ती लावता येत नाही.

मात्र एवढं वाचून यजमानांनी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणू नये. तुमच्या बाबतीत खरी गाठ पडणार आहे ती उपद्रवाच्या कायद्याशी, आणि तो कायदा कोंबड्या किती आहेत ते बघतच नाही. तो बघतो, तुमच्या कुंपणापलीकडे काय जातं ते. वास, माशा, आवाज, घाण पाणी. गोव्याचा 1985 चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, त्याखाली आरोग्य अधिकारी येऊन पाहणी करू शकतो. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 270 मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि 292 खाली एक हजार रुपयांपर्यंत दंड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 133. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव काढून टाकण्याचा सशर्त आदेश देऊ शकतो. ‘सशर्त’ याचा अर्थ, अमुक मुदतीत काढा, नाहीतर हजर राहून तुमचं म्हणणं मांडा. म्हणजे कुणी सकाळी गाडी घेऊन येईल आणि सासूबाईंच्या देखत कोंबड्या उचलून नेईल, अशी भीती बाळगू नका. पण हजर राहून सांगण्यासारखं काहीतरी तुमच्या हाताशी हवं. आज नाहीये. पावसात वास येतो, माशा येतात, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.

आता कोंबडा. सासूबाईंचं वाक्य वाचून मी जरा थांबले. माझी आजीही डिचोलीला हेच म्हणायची, आणि आम्हा मुलांची पहाट खरोखर कोंबड्यानेच होत असे. पण त्या घराच्या चहूबाजूंनी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग होती, सगळ्यात जवळचं घर व्हाळापलीकडे. तुमच्या कुंपणापासून शेजाऱ्यांच्या वडिलांची खाट किती हातांवर आहे?

लोकांना वाटतं, उजेड दिसला की कोंबडा आरवतो, म्हणून खुराडं गोणपाटाने झाकलं की झालं. तसं नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की कोंबड्याला दिवसरात्र सारख्याच अंधुक उजेडात ठेवलं तरी त्याच्या अंगातलं घड्याळ त्याला पहाटेच्या सुमाराला आरवायला लावतं. गाडीचा दिवा, दुसऱ्या कोंबड्याची बांग, कुत्र्याचं भुंकणं यानेही तो आरवतो, ते थोडं कमी करता येईल. पहाटेचं नाही. आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रात्र धरली आहे ती 10 ते सकाळी 6, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. चारची बांग नेमकी त्या रात्रीत येते. कोंबड्याच्या अगदी जवळून मोजला तर त्याचा आवाज 100 डेसिबलच्याही पुढे जातो.

यावर कुणी तुम्हाला युक्त्या सांगतील. एक म्हणजे त्याला रात्री इतक्या बुटक्या पेटीत ठेवायचं की मान वर ताणताच येऊ नये. दुसरी, गळ्याला पट्टा आवळायचा. दोन्ही करू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते बघवणार नाही, आणि सासूबाईंना तर मुळीच बघवणार नाही.

त्यांना एक गोष्ट मात्र सांगा, अनेकांना ती ठाऊक नसते: अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. कोंबडा गेला म्हणून एक अंडं कमी होणार नाही. फक्त ती अंडी उबवली तर पिल्लं निघणार नाहीत. पिल्लं हवी असतील तेव्हा माहेरून उबवायची अंडी आणा आणि खुडूक कोंबडीखाली ठेवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील, आणि मुलांनाही बघायला मिळतील. पिल्लांत कोंबडे निघणारच, तेव्हा ते आरवायला लागायच्या आत कुठे जातील हे आधीच ठरवून ठेवा.

आता खुराडं. ते कुठे आहे तुम्ही लिहिलं नाही, पण पहिल्या मजल्याच्या खिडकीत वास येतो म्हणजे मागच्या कुंपणाला टेकूनच असणार. सगळ्यांकडे तसंच असतं. घरातल्यांना वास नको म्हणून आपण खुराडं घरापासून लांब नेतो, आणि लांब म्हणजे शेजाऱ्याच्या जवळ. ते आपल्या घराकडे आणा. कुंपणापासून निदान तीन-चार मीटर आत, बांयपासून लांब आणि तिच्यापेक्षा खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी खुराड्यातून बांयकडे वाहणार नाही. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वास आला तर तो तुम्हाला शेजाऱ्यांच्या आधी कळेल, आणि त्याच दिवशी साफसफाई होईल. सिमेंटचं पक्कं बांधू नका. पक्क्या बांधकामाला परवान्याचा प्रश्न येतो आणि तक्रारीला आयतं कारण मिळतं. लाकडाची चौकट, जाळी, वर पत्रा, आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. सात कोंबड्यांना रात्रीसाठी वीस-पंचवीस चौरस फूट जागा असली की दाटी होत नाही. दिवसा बाहेर फिरायला जाळीचं कुंपण करा. दुसऱ्याच्या अंगणात गेलेली कोंबडी हे सगळ्यात जुनं भांडण आहे.

जाळीबद्दल थोडं जास्त सांगते. बाजारात जी मोठ्या षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि सापाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि खालून फूटभर जमिनीत पुरा. म्हापशासारख्या ठिकाणीही पावसाळ्यात अजगर खुराड्यात शिरतो. शिरलाच तर मारू नका. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. वन खात्याला कळवा, ते येऊन नेतात. पण अजगर येतो उंदरांमागे, आणि उंदीर येतात सांडलेल्या दाण्यामागे. एका कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य पुरतं. सातांना मिळून साधारण 800 ग्रॅम. तेवढंच मोजून घाला, दोन वेळा, आणि संध्याकाळी उरलेलं उचला. आपल्याकडे रात्रीचा उरलेला भात परसात फेकायची सवय असते, ती बंद करा. पावसात उंदीर वाढले की लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा धोकाही वाढतो, आणि त्या बाबतीत शेजाऱ्यांची काळजी अगदी रास्त आहे.

वास कुठून येतो? कोरड्या विष्ठेला फारसा वास नसतो. ती भिजली की अमोनिया सुटतो, तोच डोळ्यांना आणि नाकाला झोंबतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा तुमचा सगळा प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे, आणि तो पाण्याचा आहे. पत्रा चारही बाजूंनी दोन फूट पुढे काढा. पावसाच्या झडीच्या बाजूला ताडपत्री सोडा, पण वरची वीतभर जागा वारा जायला मोकळी ठेवा. खाली भाताचं तूस चार इंच पसरा. भात गिरणीवर ते पोत्याने मिळतं. रोज सकाळी काठीने हलवा, ओलं झालेलं तेवढं काढून नवं टाका.

माशांचं गणित वेगळं. उबदार हवेत घरमाशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून विष्ठा आठवड्यातून एकदा काढली तर कधी ना कधी माशा उडतातच. दोनदा काढली तर अळी माशी व्हायच्या आत बाहेर जाते. बुधवार आणि रविवार असे दिवस ठरवून टाका. काढलेलं झाकणाच्या पिंपात, वाळलेल्या पाचोळ्याबरोबर थर देऊन ठेवा. दोन-तीन महिन्यांत छान खत होतं. माडाच्या आळ्यात घाला, माड तुम्हाला दुवा देतील. ताजं मात्र कुठल्याच झाडाला घालू नका, मुळं जळतात. आणि गटारात तर कधीच टाकू नका. तुमच्या विरुद्ध पुरावा म्हणून फोटो काढायचा झाला तर पहिला त्याचाच निघेल.

बर्ड फ्लूची भीती समजते. 2006 मध्ये देशातला पहिला उद्रेक शेजारच्या महाराष्ट्रातच, नवापूरला झाला होता, आणि तिथल्या कोंबड्या मारताना दाखवलेली दृश्यं माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहेत. पण तुमच्या परसात येण्याची शक्यता जास्त आहे ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. मान वाकडी होणं, हिरवी पातळ विष्ठा, पंख-पाय लुळे पडणं. एका पावसाळ्यात आमच्याकडच्या अकरापैकी नऊ कोंबड्या चार दिवसांत गेल्या. लस दिली नव्हती. आजी त्या खुराड्याकडे महिनाभर फिरकली नाही. माणसाच्या जीवाला या रोगाचा तसा धोका नाही, फार तर डोळे लाल होतात, पण कोंबड्यांसाठी तो काळच. लस आहे, स्वस्त आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा थेंब डोळ्यात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अडचण एवढीच, की लसीची कुपी शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा फोडली की काही तासांत वापरावी लागते. म्हणून वाड्यावर आणखी कुणाकडे कोंबड्या आहेत ते बघा आणि एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून डॉक्टरांना बोलवा.

दोन-तीन कोंबड्या एकाएकी मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर हात लावू नका, कापून खाऊ नका, कुठे पुरून मोकळ्याही होऊ नका. डॉक्टरांना कळवा. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग कायद्याप्रमाणे असा रोग कळवणं मालकावर बंधनकारकच आहे. बर्ड फ्लू ठरलाच तर त्या भोवतालच्या एक किलोमीटरमधले पक्षी मारतात, परसातलेसुद्धा, आणि त्याची सरकारी भरपाई मिळते. मुलांच्या बाबतीत रोजची खबरदारी साधी आहे: कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, पिल्लांचे मुके घ्यायचे नाहीत, खुराड्यात जायची चप्पल वेगळी. अंडं कच्चं नको.

कोंबड्या घरच्यासाठी आहेत तोवर एवढं पुरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अंड्यांना मिळणारा भाव बघून विक्री सुरू करायचा मोह झाला, तर आधी पालिकेत जाऊन परवान्याचं विचारा. धंदा म्हटला की सगळे नियम बदलतात. आणि इमारतीतल्या सदनिकेत राहणारे वाचक हे वाचत असतील तर त्यांना सांगते, बाल्कनीत कोंबडी ठेवू नका. तिला माती लागते.

आता ते गृहस्थ. त्यांच्याकडे तुम्ही जा, यजमान नकोत, निदान पहिल्यांदा नकोत. अंडी घेऊन जाऊ नका. आत्ता दिलेली अंडी तोंड बंद करायला दिल्यासारखी दिसतील. आधी वडिलांची तब्येत विचारा, मग सांगा: कोंबडा अमुक दिवशी जातोय, खुराडं इकडे आणतोय, आठवड्यातून दोनदा सफाई होईल, आणि तरीही वास आला तर मला फोन करा, मी त्याच दिवशी बघेन. तारीख सांगा आणि ती पाळा. खुराडं हलवायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो काढून ठेवा, लस दिल्याची चिठ्ठी जपून ठेवा. उद्या कधी आरोग्य अधिकारी आलेच तर चहा विचारून हे सगळं दाखवता येईल. आणि नोटीस आली तर ती घ्या, नाकारू नका. त्यावरची मुदत आणि कलम वाचा आणि मुदतीत लेखी उत्तर देऊन पोच घ्या. उत्तरात शेजाऱ्यांबद्दल एक शब्दही नको.

यजमानांच्या त्या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय मला पत्र संपवता येत नाही. ‘भायले’. आपल्या गोव्यात जमिनी कशा गेल्या, माड तोडून इमारती कशा उभ्या राहिल्या, याचं दुःख मलाही आहे, आणि तुमच्या कुंपणाला खेटून चार मजले उभे राहिले तेव्हा तुमच्या घराचा वारा आणि ऊन गेलं असणार, तेही मी समजू शकते. पण ती इमारत त्या गृहस्थांनी बांधलेली नाही. त्यांनी आयुष्याची बचत घालून एक घर घेतलं, आणि त्यात एक आजारी म्हातारा माणूस पहाटे चारला जागा होतो. तो म्हातारा तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा असेल. यजमानांना रागच करायचा असेल तर त्यासाठी पालिकेची बैठक आहे, नगर नियोजनाच्या हरकती आहेत. कोंबड्याच्या गळ्यातून तो बाहेर काढू नये.

सासूबाईंना कोंबडा जातोय हे एकाएकी सांगू नका. त्यांना सोबत घेऊन सत्तरीला जा, टोपलीत त्यांच्याच हातून नेऊ द्या आणि एक रात्र तुमच्या माहेरी मुक्काम करा. पहाटे तो तिथे आरवेल तेव्हा त्या जाग्या असतील, आणि तो नव्या जागी कसा रुळला ते स्वतः बघून येतील. परत आल्यावर नव्या खुराड्याचं दार रोज संध्याकाळी लावायचं काम मात्र त्यांच्याकडेच ठेवा. कोंबड्या त्यांचा आवाज ओळखतात.